अर्थिंगची वायर आणि होणारे व्याही

“नुसतं ‘चांगलं आहे’ एवढंच म्हणा,” आई म्हणाली. “दोन शब्द. जीभ झिजणार नाही.”

बाबा दाराशी बसून बुटाची नाडी बांधत होते. त्यांनी प्रयत्न केला. “चांगलं आहे,” ते म्हणाले आणि आईचा चेहरा फुलला. मग दुसऱ्या बुटाची नाडी ओढत त्यांनी वाक्य पुरं केलं, “दिसायला.”

माझ्या धाकट्या बहिणीने कपाळावर हात मारून घेतला. माझ्या कडेवरच्या नऊ महिन्यांच्या लेकीला तो काहीतरी खेळ वाटला. तिनेही आपल्या कपाळावर एक चापट मारली, आणि इतका ताण असूनही आम्ही सगळे हसलो.

ताण धाकटीच्या लग्नाचा होता. लग्न ठरलं होतं, पुढच्या आठवड्यात तारीख काढायची होती, आणि नेमका मध्ये हा वायरचा घोळ आला होता.

आमचे बाबा गाड्यांचे इलेक्ट्रिशियन. टॅक्सीस्टँडच्या समोर पत्र्याची शेड, आत एक बाक, एक चार्जर, भिंतीवर वायरींची वेटोळी. चौतीस वर्षं तिथेच. स्टँडवरचे ड्रायव्हर त्यांना त्यांच्या नावाने हाक मारत नाहीत, ‘मोजून’ म्हणतात. कारण कोणी काहीही विचारलं, बॅटरी गेली का, डायनामो भरतोय का, की बाबांचं उत्तर एकच: मोजून सांगतो. मग ते कोटाच्या खिशातून मीटर काढतात, आकडा बघतात आणि तेवढंच सांगतात. आकड्याच्या अलीकडे नाही, पलीकडे नाही.

घरीही तेच. भाजी कशी झाली असं आईने विचारलं तर ते तीनदा वाढून घेतात, शांतपणे जेवतात, आणि सगळ्यांचे हात धुऊन झाल्यावर सांगतात, मीठ कमी होतं. धाकटीने तिच्या ऑफिसातला मुलगा घरी आणला तेव्हा बाबा म्हणाले, चार वेळा भेटतो. तो बिचारा चार रविवार आला, चार वेळा त्याच खुर्चीत बसला, चार वेळा चहा प्यायला. पाचव्या रविवारी बाबांनी निकाल दिला, “मुलगा बरा आहे. चारही वेळा सारखाच होता.” धाकटी आनंदाने रडली होती. बाबांकडून याहून मोठं कौतुक आजवर कोणाला मिळालेलं नाही.

त्या मुलाचे वडील म्हणजे आमचे होणारे व्याही. त्यांचं मोठ्या रस्त्यावर गाड्यांच्या सजावटीचं दुकान आहे: सीटकव्हर, सुगंधी बाटल्या, रंगीत दिवे. माणूस दिलखुलास. कडक इस्त्रीचा शर्ट, मोठा आवाज, आल्या आल्या माझ्या लेकीला उचलून छताला टेकवणार. बाबा जितके आखडते, तितके ते सैल. आईला ते फार आवडायचे, आणि बाबांसमोर ती हे लपवायचीही नाही.

तर या व्याह्यांनी नुकतंच अर्थिंग वायरचं किट विकायला ठेवलं होतं. निळ्याशार जाड पाच वायरी, टोकांना सोनेरी कड्या, चकचकीत खोक्यात. बॅटरीच्या मायनसपासून इंजिनला आणि बॉडीला ठिकठिकाणी जोडायच्या. खोक्यावर लिहिलं होतं की इंजिनची ताकद वाढते, तेल कमी लागतं, दिवे लख्ख होतात. स्टँडवरच्या अठराही टॅक्सींना किट बसवायचं असं जवळजवळ ठरलं होतं. मग स्टँडच्या अध्यक्षांना आठवण झाली की रस्त्यापलीकडे बाबा बसतात. ते म्हणाले, घेऊ सगळे, पण एकदा मोजूनना विचारू.

यावर व्याही मनापासून खूश झाले. म्हणाले, अहो, ते तर आमचे व्याहीच, हवं तर सगळ्यांसमोर करू. म्हणजे ही सगळी हौस त्यांची स्वतःचीच. त्यांना वाटलं, घरचंच माणूस आहे, कौतुकच करील.

“बाबा, निदान ‘बघू’ तरी म्हणा,” धाकटी दारापर्यंत मागे आली. “‘बघू’ म्हणजे खोटं नसतं.”

बाबांनी यावर खरंच विचार केला. “बघितल्यावर ‘बघू’ कसं म्हणणार?” त्यांनी विचारलं, आणि ते गेले.

दहा मिनिटांनी आम्ही दोघी बहिणीही निघालो. लेकीला फिरवून आणायचं निमित्त होतं. आई म्हणाली, मला बघवणार नाही, मला येऊन सांगा.

स्टँडवर सभेला जमावेत तसे सगळे जमले होते. परीक्षेसाठी निवडली होती स्टँडवरची सर्वांत जुनी टॅक्सी. तिच्या ड्रायव्हरला सगळे ‘थांबाजरा’ म्हणत, कारण गिऱ्हाईक बसलं की त्याचं पहिलं वाक्य तेच असायचं. ती गाडी खोकत खोकत, चावीच्या पाचव्या-सहाव्या फेरीला कशीबशी चालू व्हायची. व्याही खोकं उघडून तयार उभे होते. निळ्या वायरी उन्हात छान दिसत होत्या, हे बाबाही नाकारू शकले नसते.

बाबांनी आधी मोजलं. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या लोखंडावर, आणि थांबाजराला चावी फिरवायला सांगितलं. बॅटरीतून निघालेली वीज काम करून मायनसकडे परत येते. त्या परतीच्या वाटेवर ती किती अडखळते, ते या आकड्यावरून कळतं. शून्याच्या जवळ असला तर वाट मोकळी. अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर कुठेतरी गंज बसलेला. लहानपणी आम्हा दोघींना पाढ्यांच्या आधी हे कळलं होतं.

“पॉइंट सात,” बाबा म्हणाले. ड्रायव्हरांनी मान हलवली. व्याह्यांनी उत्साहाने पहिली वायर उचलली. “हेच तर, व्याही. आता बघा गंमत.”

पण बाबांनी हात आडवा केला. त्यांचा एक नियम आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर गुण कोणाला द्यायचा ते कळत नाही. वायर बसवायच्या आधी जोडण्याच्या जागा साफ कराव्याच लागतात. म्हणून आधी नुसतं साफ करू, मोजू. मग वायर जोडू, परत मोजू. व्याही म्हणाले, करा की, आपल्याला कसली भीती. आणि खरंच त्यांना भीती नव्हती, हे आठवलं की मला अजून वाईट वाटतं.

बाबा वाकले. जुनी कंपनीचीच वायर इंजिनला जिथे बोल्टने आवळलेली होती, ती सोडवली. तिच्या टोकावर हिरवट पांढरा थर चढला होता. त्यांनी पॉलिश पेपरने ते टोक घासलं, बोल्टखालचं लोखंड घासलं, बॅटरीची टोकं घासली. लोखंड उजळून निघालं. वर बोटभर व्हॅसलीन चोपडून सगळं परत आवळलं. दहा मिनिटांचं काम. मग चावी फिरवायला सांगितली.

गाडी पहिल्याच फेरीला चालू झाली. थांबाजरा आत तसाच बसून राहिला. सवयीने त्याने ‘थांबा’ म्हणायला तोंड उघडलं होतं आणि पुढचं बोलायची वेळच आली नाही. ड्रायव्हर हसायला लागले, त्याच्या पाठीवर थापा पडल्या. अध्यक्ष म्हणाले की आता याचं नाव बदलावं लागणार.

त्या गडबडीत बाबा मात्र मुकाट्याने निळ्या वायरी जोडत होते. एकही कमी नाही, खोक्यावरच्या चित्रात दाखवल्या तशा पाचही. नीट, प्रेमाने आवळल्या. काम आपल्याला न पटलेलं असलं तरी हात आखडता घ्यायचा नाही, असा त्यांचा स्वभाव. मग त्यांनी मीटर व्याह्यांच्या हातात दिला. म्हणाले, आकडा तुम्ही वाचा, तुमची नजर चांगली आहे.

चावी फिरली. व्याही मीटरकडे बघत राहिले.

“पॉइंट शून्य पाच,” ते म्हणाले.

“आणि नुसतं साफ केल्यावर किती होता?” अध्यक्षांनी विचारलं.

बाबांनी बॉनेटकडे बोट केलं. तो आकडा त्यांनी खडूने बॉनेटच्या आत लिहून ठेवला होता. व्याह्यांनीच तो वाचला. पॉइंट शून्य पाच.

हसणं थांबलं. सगळ्यांना सगळं कळलं होतं, पण अध्यक्ष व्यवस्थित माणूस होते, त्यांना तोंडी उत्तर हवं होतं. त्यांनी विचारलं, म्हणजे आम्ही घ्यायचं की नाही? माझ्या शेजारी धाकटी पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत होती, बोट पांढरं पडेपर्यंत. बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. नंतर ते बोलले ते अध्यक्षांशी, पण पाहत होते व्याह्यांकडे.

“घेऊ नका. वायर चांगली आहे, तांबंही चांगलं आहे. ज्या गाडीची मूळ वायर तुटली असेल तिला यातली एक लावा, पुरे होईल. बाकीच्यांनी आहे ती घासा.”

“म्हणजे मी खोटं सांगत होतो का, व्याही?” व्याह्यांचा आवाज मोठा नव्हता, पहिल्यांदाच. “माझ्या स्वतःच्या गाडीला बसवलंय मी. मग विकायला ठेवलं. मला फरक जाणवलाय.”

“तुमची गाडी मी मोजलेली नाही,” बाबा म्हणाले.

व्याह्यांनी पाचही वायरी स्वतः सोडवल्या, एकेक नीट गुंडाळून खोक्यात ठेवल्या, झाकण लावलं. कोणीतरी चहा आणला होता, तो घेतला नाही. माझ्या लेकीने त्यांच्याकडे झेप घेतली, तेव्हा त्यांनी तिचा गाल हलकेच चिमटला आणि ते गेले.

घरी आईने सगळं ऐकून घेतलं. ‘घेऊ नका’बद्दल ती काहीच बोलली नाही. ती अडली ती शेवटच्या वाक्यापाशी.

“तुमची गाडी मोजलेली नाही? तिथे तरी ‘जाणवला असेल’ म्हणायचं. माणूस विचारतो तेव्हा तो आकडा विचारत नसतो.”

बाबा जेवले नाहीत. म्हणाले, भूक नाही. आणि ते मोजून सांगितल्यासारखं वाटत नव्हतं.

दोन दिवस कोणाचा फोन नाही. म्हणजे त्या मुलाचा धाकटीला यायचा, पण तो मुलखाचा अबोल, त्याच्याकडून बातमी काढणं म्हणजे दगडातून पाणी काढण्यासारखं. एवढंच कळलं की पप्पा रागावलेले नाहीत, पण बोलतही नाहीत. दुकानात बसून किटमधलं माहितीपत्रक वाचतात. धाकटी म्हणाली, रागावले असते तर बरं झालं असतं. ती ऑफिसला जात होती, येत होती, माझ्या लेकीला भरवत होती. पण भरवताना एकदा घास स्वतःच्याच तोंडात घातला आणि तिच्या लक्षातही आलं नाही. तारीख काढायचा दिवस चार दिवसांवर आला होता. आईने कोणाला बोलवायचं त्याची यादी करायला घेतली होती, ती तिने घडी घालून डब्याखाली ठेवली.

बाबा त्या दोन दिवसांत धाकटीच्या समोर यायचं टाळत होते. एकदा फक्त ते माझ्याजवळ येऊन बसले, लेकीच्या तळव्यावरून बोट फिरवत राहिले आणि म्हणाले, “मी चुकलो का गं?” चौतीस वर्षांत त्यांनी ते कोणाला विचारलं असेल असं वाटत नाही. मी म्हटलं, आकडा चुकला नाही. मग लक्षात आलं, माझं उत्तर त्यांच्यासारखंच झालं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांचा डबा घेऊन शेडवर गेले होते. तेवढ्यात व्याह्यांची गाडी येऊन थांबली. व्याही उतरले. शर्ट तोच कडक इस्त्रीचा, चेहरा न झोपलेला. नमस्कार-चमत्कार काही नाही. त्यांनी बॉनेट उघडलं. आत निळ्या वायरी.

“आता मोजा,” ते म्हणाले. “मी माणसांना खोटं सांगून माल विकत नाही, व्याही. मला फरक जाणवला होता. तो जर नव्हताच, तर मला कळलं पाहिजे.”

बाबा उठले. चावी फिरवायला कोणी नव्हतं, म्हणून मी लेकीला मांडीवर घेऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसले. बाबांनी एक फ्यूज काढून ठेवला, म्हणजे इंजिन नुसतं फिरेल, चालू होणार नाही. मी चावी फिरवली की गाडी गुरगुरायची, आणि प्रत्येक गुरगुरीला माझी लेक खिदळायची. बाहेर दोन मोठी माणसं श्वास रोखून आकडा बघतायत आणि आत ही टाळ्या पिटतेय.

वायरींसकट आकडा आला पॉइंट शून्य चार. मग बाबांनी एकेक निळी वायर सोडवली, पाचही. पुन्हा चावी, पुन्हा खिदळणं. पॉइंट शून्य चार.

व्याही शेडमधल्या बाकावर बसले. मग हळूच म्हणाले, “मग मला जाणवलं ते काय होतं? वय झालं का माझं?”

मला वाटलं, आता बाबा म्हणणार, ते मोजता येत नाही. पण बाबा त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी विचारलं, किट बसवलं कोणी?

व्याही म्हणाले, मीच. रविवारी दुपारी. आयुष्यात पहिल्यांदा बॉनेटमध्ये हात घातला. पत्रक वाचून वाचून केलं.

“जोडायच्या जागा घासल्या होत्या?”

“म्हणजे काय. पत्रकात पहिलीच पायरी ती आहे. पॉलिश पेपरचा तुकडा खोक्यातच येतो. तीन तास घासत होतो. आरशासारखं केलं, बायको हसत होती मला.”

बाबा पुन्हा उठून बॉनेटपाशी गेले. जिथून निळ्या वायरी काढल्या होत्या तिथे वाकले, बॅटरीच्या टोकांवरून, कंपनीच्या वायरीच्या बोल्टवरून अंगठा फिरवला. बराच वेळ बघितलं. ते परत वळले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मी क्वचित पाहिलेलं कौतुक होतं.

“फरक होता,” ते म्हणाले. “तुम्हाला जाणवला तो खरा. गाडी सुधारली होती. पण वायरीने नाही. तुम्ही सुधारलीत. इतकं स्वच्छ काम माझ्याकडूनही रोज होत नाही. हात चांगला आहे तुमचा.”

व्याह्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. दोन्ही बाजूंनी, उलटसुलट, जणू आजच कोणीतरी दिलेत. मग त्यांना हसू फुटलं, आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले.

“म्हणजे एवढ्या मोठ्या खोक्यात कामाचा तो पेपरचा तुकडाच?”

“तोच,” बाबा म्हणाले.

“आणि मी तो वापरून फेकून दिला.”

ते इतके हसले की बाकाचा एक पाय सरकला, आणि त्यांना सावरता सावरता बाबाही हसायला लागले. बाबा हसताना आवाज करत नाहीत, फक्त डोळ्यांतून पाणी येतं. मी गाडीतून बघत होते. माझ्या डोळ्यांतून का येत होतं ते मला माहीत होतं. मी धाकटीला फोन लावला आणि काही न बोलता तिला ते हसणं ऐकवलं.

हसून झाल्यावर व्याह्यांनी डोळे पुसले आणि ते एकदम उठले. बाबांच्या खणातले पॉलिश पेपर त्यांनी विचारून घेतले, मूठभर. म्हणाले, सांगितलं मी होतं, तर दुरुस्तही मीच करायला पाहिजे. बाबा म्हणाले, गरज नाही, त्यांना कळलंय. व्याही म्हणाले, त्यांना तुमच्याकडून कळलंय. आणि रस्ता ओलांडून ते स्टँडवर गेले.

ते तिथे काय म्हणाले ते आम्हाला ऐकू आलं नाही, रस्त्यावर रहदारी होती. फक्त दिसत होतं: ड्रायव्हरांचं कोंडाळं, मधे पांढरा शर्ट, हातवारे. एकदा त्यांनी छातीवर हात ठेवला. एकदा सगळे हसले. मग थांबाजराच्या शेजारच्या टॅक्सीचं बॉनेट वर झालं, मग पलीकडचं, मग एकामागून एक सगळी, आणि व्याह्यांनी बाह्या दुमडल्या.

बाबा शेडच्या दारात उभे होते. त्यांनी डबा न उघडताच बाकावर ठेवला, पाना घेतला, आणि दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडला. व्याही एका बॉनेटखाली वाकले होते, पाठीवर काळा डाग उमटलेला. बाबा त्यांच्याजवळ जाऊन थांबले. व्याह्यांनी मान वर केली नाही. फक्त थोडं सरकून त्यांनी बाबांना जागा करून दिली.